इंजिन नको, पत्रा दाखवा

रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या सागरी रस्त्याला एक पांढरी मारुती ८०० उभी होती. मागच्या काचेवर ‘विकणे आहे’ आणि खाली फोन नंबर. गाडी बघायला दोघं आले होते, बहुधा काका-पुतणे. मालकाने किल्ली फिरवली, अर्ध्या सेल्फवर इंजिन उचललं, आणि मालकाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते खरंही होतं. ‘‘एकदम टकाटक हो. कशाला म्हणून हात लावायला नको.’’ काकांनी बॉनेट वर करून कान दिला, रेस वाढवायला सांगितली, मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला, टायरला एक लाथ घातली. मान डोलली. पुतण्याने हॉर्न वाजवून पाहिला. एवढ्या सगळ्यात दोघांपैकी एकही जण खाली वाकला नाही. डाव्या दाराच्या खालच्या कडेला रंगाखालून फोड आले होते, आणि त्यांतला एक तर फुटून तपकिरी ओघळही सुटला होता. बाजूला समुद्र इतका जवळ की बोलण्यात खंड पडला की लाटा ऐकू येत होत्या. त्यांचं ते न वाकणं मात्र मनातून जात नाही.

देशावर ही परीक्षा चालून जाते. साताऱ्याला किंवा नाशिकला जुनी गाडी घेताना इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन असा क्रम लावला तर फारसं चुकत नाही. कोकणपट्टीत तो क्रम उलटा करावा लागतो. ८०० चं इंजिन म्हणजे ७९६ सीसीचे तीन सिलिंडर. डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत ही गाडी बनत राहिली, त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह, गॅस्केटचा संच हे सगळं आजही तालुक्याच्या गावात मिळतं किंवा दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलने येतं. इंजिन पूर्ण खोलायचं झालं तरी मिस्त्री आधी आकडा सांगतो आणि शेवटचं बिल त्या आकड्याच्या आसपासच येतं. पत्र्याचं तसं नाही. सडलेला पत्रा कापायला घेतल्याशिवाय त्याचा खर्च कुणालाच सांगता येत नाही, आणि कापायला घेतल्यावर मागे फिरता येत नाही. म्हणून इथे जुनी गाडी घ्यायची ती पत्र्यावरून. इंजिन बंद पडलेली पण तळ शाबूत असलेली गाडी मिळाली तर ती चालत्या गाडीहून किती तरी सरस. विकणाऱ्याला हे उमगलेलं नसतं; घासाघीस करायला तेवढीच जागा मिळते.

मीठ नक्की काय करतं ते नीट कळलं की कुठे बघायचं तेही कळतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून स्वतः विरघळतं. पावसाचा थेंब पडायची गरज नाही. किनाऱ्यावर वर्षातल्या बहुतेक रात्री हवा तेवढी दमट असतेच. म्हणजे पडवीत, ताडपत्रीखाली, अगदी बंद शेडमध्ये ठेवलेल्या गाडीवरही रात्री खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसतो आणि दुपारी वाळतो. या थरातलं क्लोराइड लोखंडाला स्वस्थ बसू देत नाही. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जागा जास्त लागते, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. बाहेर फोड दिसला तेव्हा आतला खेळ बराच पुढे गेलेला असतो. यातली दुसरी गोष्ट सहसा कुणी ध्यानात घेत नाही. जिथे पाऊस थेट पडतो तिथलं मीठ धुऊन जातं. टप, बॉनेट, दाराचा वरचा भाग टिकतो. सडतो तो पावसाची सर न पोचणारा भाग: मडगार्डचा आतला घडीचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, बंपरमागची आडवी पट्टी. त्यात आपली तांबडी माती. ती मडगार्डच्या घडीत चिकटून बसते, नोव्हेंबरपर्यंत ओल धरून ठेवते, आणि वरून नुसतं पाणी मारून निघत नाही.

तेव्हा गाडी बघायला जाताना जुनी चटई, टॉर्च, बोथट स्क्रू ड्रायव्हर आणि कपड्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन जावं. प्रवाशाच्या बाजूची पायाखालची मॅट पहिली उचलायची. ८०० मध्ये वायपरखाली जी पन्हळ आहे तिच्यात सुरूच्या काड्या आणि आंब्याची पानं साचून पाणी जायची वाट बंद होते, मग ते पाणी आत उतरतं आणि मॅटखालच्या फोममध्ये मुरतं. वरून मॅट कोरडी, खाली फोम पिळला तर पाणी. त्यानंतर डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खोलगट जागेचा तळ बघावा. बॅटरीच्या ट्रेखाली आम्ल आणि मीठ दोन्ही असतं. रेडिएटर ज्या खालच्या पट्टीवर बसतो ती पट्टी, जॅक लावायची जागा, पेट्रोलच्या नळीचं टाकीजवळचं तोंड, मागच्या चाकांकडे जाणारे ब्रेकचे पाइप. हे पाइप नखाने खरवडून पाहावेत. पापुद्रे सुटले तर बदलायचे, त्यावर चर्चा नाही. सगळ्यात महत्त्वाची जागा बॉनेटखाली, पुढचे शॉकॲब्सॉर्बर वर जिथे बोल्टने बसतात तिथली. या गाड्यांना वेगळी चॅसी नसते, पत्र्याचा सांगाडा हीच चॅसी. त्या बोल्टांभोवती गंजाचं कडं असेल, पत्रा उचललेला असेल, तर किंमत कितीही उतरली तरी परत यावं.

स्क्रू ड्रायव्हरने टोचायला मालकाची परवानगी घ्यावी, हे वेगळं सांगायला नको. ‘‘टोचू नका, रंग जाईल’’ असं तो म्हणाला तर उत्तर मिळालंच.

चुंबकाचं काम लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, ओळखायचं. चांगल्या पत्र्यावर ते कपड्यातूनही ओढ घेतं, लांबीच्या जाड थरावर सरळ घसरतं. लांबी मुळात वाईट नाही. हार्डनर वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास मिसळून, घासलेल्या शुद्ध पत्र्यावर दोन-तीन मिलिमीटरचा थर दिला तर ती वर्षानुवर्षं राहते. पण भोकाच्या मागे वर्तमानपत्राचा बोळा किंवा जाळी कोंबून वरून लांबी भरली, की ती मागच्या बाजूने ओल शोषते आणि पुढच्या पावसाळ्यात आख्खी खपली पडते. पट्टीच्या पोकळीत गणपतीच्या आदल्या आठवड्याचा पेपर निघतो, आणि तारखेवरून काम कधी उरकलं तेही समजतं. तळाला नुकताच दिलेला काळाकुळकुळीत कोट दिसला तरी सावध व्हावं. गंजावर मारलेला डांबरी किंवा रबरी कोट ओल बाहेर जाऊ देत नाही. आत गंज निवांत वाढतो. मळका, उघडा, वरवरचा तपकिरी गंज असलेला तळ या काळ्या तळापेक्षा केव्हाही बरा, कारण जे आहे ते डोळ्यांना दिसतं.

ओम्नीची कथा निराळी. तिने आधी काय वाहिलं हा प्रश्न पहिला विचारावा. आंब्याच्या पेट्या वाहिलेली ओम्नी मागून बसलेली असते, कमानपाटे सपाट झालेले असतात. पण पाटे बदलता येतात. मिरकरवाड्याहून किंवा हर्णैहून मासळी वाहिलेली ओम्नी मात्र दुसऱ्या जातीची गाडी. बर्फाचं खारट पाणी जमिनीच्या सांध्यांतून आणि सरकत्या दाराच्या रुळातून रोज खाली गळत राहतं. अशा गाडीचा तळ वरून बघण्यात अर्थ नाही, खालून हात फिरवावा. वास जातो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. बाकी महिंद्राच्या जुन्या कमांडर आणि बोलेरोंना वेगळी चॅसी असते, त्यामुळे वरचा पत्रा गेला तरी गाडी जगते. तिथे चॅसीच्या पेटीसारख्या पट्ट्यांवर हातोडीने हलकेच ठोकत जायचं आणि आवाज बदलेल तिथे थांबायचं.

आता दुरुस्ती. दारांखालची पट्टी कापायची असेल तर आधी दारं काढून चौकटीत आडवा लोखंडी अँगल तात्पुरता जोडून घ्यावा. हे न करता पट्टी कापली की सांगाडा मधून बसतो आणि नंतर दार लागत नाही. मग बिजागऱ्या ठोकत बसावं लागतं आणि दोष बिजागऱ्यांवर जातो. बॅटरी काढायची, मॅट-सीट-वायरिंग बाजूला करायचं, मागच्या भागात काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवायची, ओलं गोणपाट आणि पाण्याची बादली हाताशी ठेवायची. गंजाच्या कडेपासून निदान इंचभर आत, चकाकणारा पत्रा लागेपर्यंत कापावं. पुठ्ठ्याचा साचा करून २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा त्याबरहुकूम वळवावा. गॅल्वनाइज्ड पत्रा इथे मोहात पाडतो, पण वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं आणि त्याचा धूर छातीला वाईट. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा उष्णतेने पिळवटतो. सीओटू वेल्डिंग मिळत असेल तर तेच करावं, आणि तेही सलग नाही. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मग मधला. घाई असलेला वेल्डर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो आणि पत्र्याला लाट येते.

वेल्डिंगनंतरची पायरी बहुतेक गॅरेजांत होतच नाही, आणि सगळं तिथेच फसतं. तारेच्या ब्रशने गंज निघतो, मीठ निघत नाही. ते पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत बसून राहतं आणि प्राइमरखालून पुन्हा पाणी ओढतं. दोन महिन्यांत नव्या रंगाला फोड. पत्रा गोड्या पाण्याने दोनदा धुऊन, गरम हवेने वाळवून, त्याच दिवशी प्राइमर मारला पाहिजे. गोड्या पाण्याने, हे मुद्दाम लिहिलं, कारण किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं आणि गॅरेजात तेच पाणी पाइपने मारलं जातं. मार्च-एप्रिलमध्ये काम असेल तर धुण्यापुरतं पाणी नळाचं आणावं. प्राइमर म्हणून रेड ऑक्साइड स्वस्त आणि सवयीचा आहे, पण तळासाठी इपॉक्सी प्राइमरचे जास्तीचे पैसे वसूल होतात. सांध्यांना सीलर, मग रंग. रंग देणाऱ्याला दुपार हवी असते, आणि त्याचं बरोबर आहे: दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग वाळताना थिनर पत्र्याला गार करतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि चकाकीऐवजी पांढुरकी साय दिसते. जूनमध्ये गाडी रंगवून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नये. दिवाळीनंतर द्यावी.

पोकळ पट्ट्यांच्या आत मेणाचा किंवा तेलाचा फवारा सोडायचा. जळकं ऑइल मारायची पद्धत जुनी आहे, फुकट आहे, आणि लोखंडापुरती ती चालतेही. पण ते रबरी बुशांवर गेलं की बुश फुगतात, आणि पावसात वाहून ते शेजाऱ्याच्या परसात उतरतं. दारांच्या आणि पट्ट्यांच्या खाली कारखान्यानेच ठेवलेली छोटी भोकं असतात. रंगारी ती नेटकेपणाच्या हौसेने लांबीने बुजवतो. ती तारेने उघडून घ्यावीत.

हे सगळं वाचून कुणी विचारील की मग घ्यायची तरी कुठली? दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे घाटावरची. कोल्हापूर, सांगली, कऱ्हाडकडची ८०० किंवा झेन इंजिनने दमलेली असली तरी तळाने कोरडी असते. आंबा घाटातून किंवा गगनबावड्यावरून ती खाली आणायची आणि इंजिनाचं काम इथे करायचं. दुसरं उत्तर गावातच उभं असतं. चाकरमान्याने हौसेने गावी आणून ठेवलेली गाडी, गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यापुरती फिरणारी, आणि मग एखाद्या वर्षापासून न फिरणारी. समुद्रापासून पंधरा-वीस मैल आत, लांज्याच्या किंवा संगमेश्वराच्या बाजूला, चिऱ्याच्या खोपीत कोरड्या कोब्यावर उभी असलेली अशी गाडी म्हणजे या धंद्यातलं खरं घबाड. तिला किल्ली मारली तर काहीही होत नाही, म्हणून किंमत भंगाराच्या जवळ. तळ मात्र बहुधा शाबूत.

तिथे किल्ली मारायचीच नाही, हा नियम. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावं, रात्रभर तसंच ठेवावं, दुसऱ्या दिवशी पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरतं का पाहावं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं असणारच. वायरिंग कुठे कुरतडलंय ते बॅटरी जोडायच्या आधी शोधावं. जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाकावं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल ओढतं, आणि पाणी-इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी वेगळा बसून टाकी आतून खातो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीतल्या रबरी नळ्याही त्याला सोसत नाहीत, त्या सरसकट बदलाव्यात. टायमिंग बेल्ट किलोमीटर कितीही कमी असले तरी नवा घालावा, कारण रबर वयाने मरतं. टायरवरचे चार आकडे वाचावेत: २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत असली तरी असा टायर घाटात नको.

मागची चाकं धरून बसलेली असतात, कारण कुणीतरी हँडब्रेक ओढून मुंबईला गेलेलं असतं. हँडब्रेकची केबल आधी सैल करावी. चाक काढल्यावर ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं दिसतात, त्यांत ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलं की ड्रम सुटून येतो. एकच बोल्ट आवळला तर ड्रम तिरका होऊन आणखी अडकतो. आत व्हील सिलिंडर गंजलेले असतील. ते घासून वापरण्यात शहाणपण नाही. आणि यापुढे गाडी उभी करताना हँडब्रेक सोडून, गिअरमध्ये टाकून, चाकाला चिऱ्याचा तुकडा लावावा.

चिपळूण, महाडकडून येणाऱ्या फारच स्वस्त गाडीबद्दल एवढंच: २२ जुलै २०२१ चा पूर वाशिष्ठी-सावित्रीकाठच्या किती गाड्यांच्या काचांवरून गेला हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यातल्या काही पॉलिश होऊन फिरत आहेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. बाहेरचा भाग धुतलेला असतो, गुंडाळीतला शेवटचा हात-दीड हात नाही; तिथे गाळाची रेघ राहते. सीट सरकतात त्या रुळांचे बोल्ट आणि हेडलाइटच्या आतली कडही खोटं बोलत नाही. कार्ब्युरेटरची जुनी गाडी पुरातून उठू शकते. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या, गाडीतला कॉम्प्युटर आणि जोडण्यांमधला गाळ मात्र वर्षभराने त्रास द्यायला लागतो. एक बारकावा: ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला की लोक लगेच हेड गॅस्केट गेलं, ऑइलमध्ये पाणी शिरलं म्हणतात. पावसाळ्यात बाजारापर्यंतच फिरणाऱ्या गाडीत नुसत्या वाफेनेही तो येतो. डिपस्टिकवरचं ऑइलही चहासारखं असेल तर मात्र गाडी सोडावी.

कागदांचं काम कंटाळवाणं, पण पत्र्याइतकंच खरं. विक्रीला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओ कार्यालयाच्या नोंदीची गाडी असेल तर २८, बँकेचा बोजा चढलेला असेल तर ३५. पंधरा वर्षं झाली असतील तर नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये त्याची कारसाठीची फी ५,००० रुपये झाली होती आणि वीस वर्षांवरच्या गाडीसाठी २०२५ मध्ये ती आणखी वाढली; ती फी, शिवाय पर्यावरण कर, हे गाडीच्या किमतीत आधीच धरावं. बॉनेटखाली पत्र्यावर ठोकलेला चॅसी नंबर कागद ठेवून पेन्सिलीने ठशात नीट उठतो का हेही पाहावं. गंजाने दोन आकडे खाल्ले असतील तर उत्तम तळाची गाडीही नावावर व्हायला रखडते.

आणि खोपीतल्या त्या घबाड गाडीची नोंद हमखास वारलेल्या थोरल्या भावाच्या नावावर निघते. तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करायचा फॉर्म ३१ कुणी भरलेला नसतो. सातबाऱ्यावर जशी नावं, तशी इथे ना हरकतीला माणसं: एक बोरिवलीला, एक डोंबिवलीला, बहीण पुण्याला, आणि गाडी वापरणारा धाकटा गावात, ज्याला वाटतं आपला शब्द पुरे. शब्दावर पैसे देऊ नयेत आणि वेल्डरला तर मुळीच बोलावू नये. या सगळ्या सह्या वर्षातून एकदाच एका घरात सापडतात. फॉर्म आणि प्रतिज्ञापत्रं छापून तयार ठेवावीत, आणि गणपतीत दुसऱ्या दिवशीची आरती आटोपली की, पानं मांडायच्या आत, पेन पुढे करावं.